सांगा बघू, काय समजलं?

सोमवार, २२ नोव्हेंबर १९४८. डोंगरकडा, गयाबाई धनगरणीच्या घरापुढचं अंगण. वेळ दुपारची. हजर: मी, माझे यजमान, गयाबाई, तिचा मुलगा, जो मेंढरांकडे निघाला होता आणि आमच्यामुळे अडकला, आणि खुंट्याला बांधलेलं एक कुत्रं. गैरहजर: आमचे थोरले दीर. काम एकच होतं, त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण गयाबाईला वाचून दाखवायचं. ते त्यांनीच करायचं, पण श्रावणात ते तापाने गेले. त्यांचं मागे राहिलेलं काम यादी करून उरकायचं माझ्याकडे आलं, कारण घरात याद्या मीच करते.

समोरच्याला समजल्यावाचून पुढे सरकायचं नाही, हा हट्ट आमच्या थोरल्या दिरांइतका निजामाच्या साऱ्या मोगलाईत कुणी केला नसेल. त्यांना नुसतं ‘समजलं’ चालत नसे. “मग तुमच्या तोंडाने सांगा बघू, काय समजलं?” असं म्हणून ते गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसायचे, आणि ते वाट बघणं इतकं प्रामाणिक असायचं की माणसाला उठून जाताही येत नसे. स्वतःच्या लग्नात त्यांनी सप्तपदी थांबवून नवरीला हाच प्रश्न केला होता. नवरी, म्हणजे माझ्या जाऊबाई, खाली मान घालून पुटपुटल्या, “तुमच्या मागं चालायचं.” दीर भटजींकडे वळून म्हणाले, “हिला चुकीचं समजलंय. पुन्हा म्हणा.” जाऊबाई हा किस्सा सांगताना हसून हसून डोळे पुसायच्या. त्या फार लवकर गेल्या, आणि नंतर हा किस्सा दिरांसमोर कुणी काढला नाही.

त्यांची नोकरी देवी काढण्याची. लस आणि टोचायची पेटी घेऊन औंढ्यापासून सेनगावपर्यंत गावोगाव फिरायचं आणि लेकरांचे दंड टोचायचे. बाकीचे लोक सकाळी एक गाव, दुपारी दुसरं गाव उरकत. आमचे दीर एका ओसरीवरून उठत नसत. अंगाला रोगाची आधीच थोडी ओळख करून दिली, की खरा रोग आल्यावर अंग त्याला ओळखतं आणि अडवतं, हे ते आईला समजावायचे, आणि आईने ते परत सांगितल्याशिवाय टोचायचे नाहीत. सेनगावात एका बाईने सांगितलं, “म्हंजी चोराचं पोरगं आणून कुत्र्याला हुंगवायचं, मंग बाप आला की कुत्रं भुकंल. असंच ना?” दीर आनंदाने उभेच राहिले. घरी येऊन त्यांनी वहीतली स्वतःची समजावणी खोडली आणि बाईचं वाक्य लिहिलं. वरचे साहेब मात्र वैतागून गेले होते. “अजी, टीके लगाने कू भेजे तुमकू, तकरीर करने कू नहीं!” टोचायला पाठवलंय, भाषणं द्यायला नाही, असं त्यांनी भर कचेरीत सुनावलं. दिरांनी साहेबांनाच विचारलं की लस कशी काम करते ते आपण आपल्या शब्दांत सांगाल का. त्याच महिन्यात दिरांची बदली झाली.

पाच-सहा वर्षांपूर्वी, फाल्गुनात, ते डोंगरकड्याला गेले. गयाबाई नातवंडाला कडेवर घेऊन आली, त्याचा दंड पुढे केला आणि म्हणाली, “समजलं, टोचा.”

“सांगा बघू, काय समजलं?”

“मला काय ठावं? तुमी शिकलेले. टोचा की!”

“असं नाही. नीट विचार करा. पुढच्या सोमवारी येतो.”

पुढच्या सोमवारी ते गेले तेव्हा त्या लेकराच्या अंगावर टोचायला जागा उरली नव्हती. देवी आल्या होत्या. दोन दिवसांत लेकरू गेलं. दीर घरी आले, पेटी कोनाड्यात ठेवली, झालं ते मला सांगितलं आणि जेवले नाहीत. त्यानंतर कुणी हात पुढे केला की ते आधी टोचत आणि मग बसून समजावत. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि पुस्तक लिहायला घेतलं. आपल्या भाषेत, कुणालाही कळेल असं, जगाच्या आरंभापासून तापाच्या जंतूपर्यंत सगळं सांगणारं पुस्तक. उर्दू पुस्तकं पुढ्यात घेऊन ते लिहीत आणि मी ते चांगल्या अक्षरात उतरवी. प्रत्येक प्रकरण मात्र डोंगरकड्याला जाऊन गयाबाईला वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. “जिला मी समजावू शकलो नाही, तिला समजलं तरच ते पुस्तक,” ते म्हणाले.

जगाचा आरंभ माझ्या चुलीवर लिहिला गेला. भोगीच्या दिवशी मी तीळ लावलेली बाजरीची भाकरी निखाऱ्यावर फुगवत होते. दीर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून ओरडले, “थांब! बघ, एकही तीळ जागचा हलला नाही, तरी सगळे एकमेकांपासून लांब गेले. आकाशातल्या दीर्घिका अशाच लांब जातायत. म्हणजे आधी सगळं मिळून एक गोळा असणार.” भाकरी करपली. मी विचारलं, “आणि गोळा कुणी मळला?” ते म्हणाले, “ते अजून कुणालाच ठाऊक नाही. तसंच लिहायचं.” हे प्रकरण ऐकून गयाबाईने विचारलं, “जग फुगून राहिलं, तं आमचं वावर काहून न्हाई फुगत?” या एका प्रश्नापायी प्रकरण दुप्पट झालं.

सूर्य, पाऊस, जंतू, सगळी प्रकरणं तिने ऐकली आणि आपल्या तोंडाने परत सांगितली. अडलं ते शेवटचं. नवं काही माणसाच्या अंगावर करून पाहायचं तर त्याला काय सांगायचं, काय विचारायचं आणि किती थांबायचं, असं ते प्रकरण होतं. त्यात दिरांनी स्वतःची चूक लिहिली होती: ‘एका गावी एका मुलाच्या बाबतीत मी नको तितका थांबलो.’ गयाबाई दर वेळी म्हणायची, “न्हाई समजलं.” दीर परत येत, वाक्यं सोपी करत, पुन्हा जात. चिडत नसत. “दोष वाक्याचा असतो, कानाचा नसतो,” म्हणत. आषाढात ते शेवटचे गेले तेव्हाही तिने तेच सांगितलं होतं.

तर त्या सोमवारी मी वाचत होते आणि गयाबाई लोकर कातत होती. वाचून झालं. मुलगा म्हणाला, “आये, म्हण की समजलं. लांबून आल्यात त्या.”

“तू गप ऱ्हाय.” मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मला पहिल्यापासून समजत व्हतं.”

“मग त्यांना ‘नाही समजलं’ असं का म्हणत होतात?”

“एक मूल, एक मूल. सूर्याला नाव हाय, ताऱ्यायला नावं हायत. माझ्या लेकरालाच काहून न्हाई? साऱ्या मुलखाला इचारत फिरले त्ये. मला येवढं एक इचारलं न्हाई.”

मी म्हटलं, कुणाच्या घरचं दुःख नावानिशी छापणं त्यांना बरं वाटलं नसेल. “मंग इचारायचं की,” ती म्हणाली. मला वाटतं, त्यांचं धाडस झालं नाही. मी टाक हातात घेतला आणि म्हटलं, “गयाबाई, आता मी विचारते. काय नाव होतं?”

तिची टकळी थांबली. टाकाकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

“पुढच्या सोमवारी या,” ती म्हणाली.

“आये!” मुलगा ओरडला. तिने त्याला ताक आणायला आत पाठवलं. आम्ही ताक प्यायलो आणि निघालो.

माझ्या यादीतलं बाकी सगळं झालं आहे. आकृत्या काढून झाल्या, शुद्ध प्रत बांधून झाली, छापखान्याला निरोप गेला. शेवटच्या प्रकरणातले ‘एका मुलाच्या’ हे शब्द मी खोडले आणि जागा कोरी ठेवली. ते लेकरू मुलगी होती की मुलगा, हेही आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. सोमवारी डोंगरकड्याला जायचं आहे.