दुसऱ्याची अंगठी

आईच्या उजव्या हाताने संप पुकारला, त्याला तेव्हा काही महिने झाले होते. झटका आला तेव्हा ती साताऱ्याला होती. जरा सावरल्यावर मी तिला इथे परदेशात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. बोलणं पूर्ववत झालं, काठी टेकत चालणंही जमू लागलं, पण उजव्या हाताला पेन काही धरवेना. डावा हात धडधाकट होता, पण तो कधी शाळेतच गेलेला नव्हता.

तिला मृत्युपत्र करायचं होतं. साताऱ्याचं घर तिच्या एकटीच्या नावावर, आणि त्या घरात तिची धाकटी बहीण, माझी मावशी, कित्येक वर्षं राहतेय. आईचं काही बरंवाईट झालं, तर मावशीचा त्या घरावर कायद्याने काहीच हक्क उरत नव्हता. "मी काय तिला बाहेर काढणार आहे का?" असं मी चिडून विचारलं.

"तुझ्या चांगुलपणावर तिने का राहावं? आपल्या हक्काने राहू दे की," आई म्हणाली.

मजकूर तयार झाला आणि घोडं सहीपाशी अडलं. "अंगठासुद्धा चालतो," मी म्हटलं मात्र, तिचा चेहरा पडला. शाळेत शिकवून झाल्यावर संध्याकाळी ती बायकांचे साक्षरता वर्ग घ्यायची. नाव गिरवून घेत घेत एकेकीला सहीपर्यंत आणायची. "मी त्यांना अंगठ्यातून सोडवलं, आणि आता मीच अंगठेबहाद्दर होऊ?" असं म्हणून ती डाव्या हाताने सही गिरवत बसे. अक्षर फुटायचं, ओळ उतरायची. पान फाडायची, माझ्यावर चिडायची आणि पुन्हा बसायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आमच्या घराण्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असणार. मला तिचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. दुसरा झटका काही सांगून येत नाही.

मी इथल्या विद्यापीठात रोमन कायद्यावर संशोधन करते. घरात त्याला 'मेलेल्यांचे खटले' म्हणतात, त्यामुळे मी घरी त्याबद्दल फारसं बोलत नाही.

एका रविवारी आम्ही दोघी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मांडवात, जेवायला गेलो. तुफान गर्दी होती. आईला एक रिकामं टेबल दिसलं आणि ती काठी टेकत लगबगीने निघालीच. टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट होतं.

"आई, नको. ती जागा धरलीय."

"कुणी?"

"ते माहीत नाही. पाकीट ठेवलंय ना. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. 'चॉप' म्हणजे शिक्का, त्यावरूनच आलाय म्हणे हा शब्द."

"म्हणजे आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं! पण तिथे रुमालावरून मारामाऱ्या होतात गं."

इथे माणसं हातात ट्रे घेऊन ताटकळत होती, पण त्या पाकिटाला कुणी हात लावत नव्हतं. आई बघतच राहिली.

शेवटी कोपऱ्यात जागा मिळाली. रुमालावरून मला माझे रोमन आठवले आणि मी सुरू झाले. तिकडे द्राक्षारसाच्या रांजणावर गिऱ्हाईक आपली खूण करून ठेवायचं. मग रांजण त्याचा झाला का? एक कायदेपंडित म्हणे झाला. दुसरा म्हणे छे, खूण फक्त कुणी रांजण बदलू नये म्हणून. आई खुदकन हसली. रुमालाचं भांडण दोन हजार वर्षांपूर्वीचं निघालं.

"मृत्युपत्रावर सह्या कशा करायचे ते?" तिने विचारलं.

"शिक्के उठवायचे. लाकडी पाट्यांवर मजकूर, त्या दोऱ्याने बांधायच्या आणि दोऱ्यावर सात साक्षीदारांनी आपापली अंगठी दाबायची. माणूस गेला की साक्षीदारांना बोलवायचं. प्रत्येकाने आपला शिक्का बघून सांगायचं, हो, हा माझाच."

"शिकलेली माणसं?"

"चांगली शिकलेली. ग्रंथ लिहिणारी."

"आणि एखाद्याकडे अंगठी नसली तर?"

"दुसऱ्याची घ्यायची. सातही जणांनी एकच अंगठी वापरली तरी चालायचं."

आईचा चमचा थांबला. "मग सातही शिक्के सारखेच! त्यातला आपला ओळखायचा कसा?"

तो नियम मी किती वेळा वाचला होता, शिकवला होता. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. उत्तर देता देता मलाच ते कळत गेलं.

"अंगठी कुणाची, याला महत्त्वच नसणार, आई. मी तिथे होतो आणि मी माझ्या हाताने दाबला, एवढंच तो सांगणार."

एवढ्या मोठ्या साम्राज्याचा कायदा, आणि तो शेवटी माणसाच्या 'मी तिथे होतो' या एका वाक्यावर उभा होता. आई आपला डावा हात टेबलावर ठेवून बघत बसली.

पुढच्या आठवड्यात साक्षीसाठी शेजारच्या चिनी बाई आणि माझी एक सहकारी घरी आल्या. मी पेन ठेवलं होतं आणि भीतभीतच त्याच्याशेजारी शाईचं पॅडही. शेजारीणबाई इथल्या इंग्रजीत म्हणाल्या, "साइन कॅन, चॉप ऑल्सो कॅन लाह, आंटी."

आईने पेन स्वतःच बाजूला सारलं. डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर ठेवून सावकाश दाबला. उचलला तेव्हा सगळ्या रेषा स्वच्छ उठल्या होत्या. ती त्यांच्याकडे वाकून बघत राहिली.

"बघ," ती म्हणाली, "हे गिरवावंही लागलं नाही."

साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मी टिश्यूने तिचा अंगठा पुसत होते, तेव्हा तिने हळूच विचारलं, "उघडतील तेव्हा तू असशील ना? सांगशील ना, हा माझ्या आईचाच म्हणून?"

त्या रेषा मला थोड्याच ओळखता येणार होत्या! शाई निघत नव्हती, आणि मला तो हात सोडायचाही नव्हता.

"सांगेन," मी म्हटलं. "मी तिथे होते, असं सांगेन."