रुसलेल्या फोटोतली खिडकी

किल्ल्यासमोरच्या कातळावर फोटोवाल्याने तीस वर्षांपूर्वी पांढऱ्या रंगाने एक फुली मारली होती. गिऱ्हाईक तिच्यावर उभं राहिलं, की डोकं बरोबर पश्चिम बुरुजाच्या खिडकीवर यायचं. ती काळी खिडकी त्याच्या डोळ्यांत सलायची. दात पडलेल्या जागेसारखी दिसते, म्हणायचा. लहान मुलांसाठी त्याने स्टूलसुद्धा ठेवलं होतं. मागे समुद्र, किल्ला, पुढे माणूस, खिडकी गायब.

गेल्या वादळात तो बुरूज समुद्रात गेला, आणि फोटोवाल्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

दुरुस्तीसाठी आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, खिडकीचा एक तरी फोटो द्या. मिळाला तर तशीच बांधू. सोमवारपर्यंत नाही मिळाला, तर सरळ भिंत."

"एक कशाला? पोतंभर देतो!"

तीन दिवस तो दारातल्या उजेडात निगेटिव्ह धरून बसला. टोप्या, टकलं, वेण्या. हजारो अनोळखी माणसं काळे दात दाखवून हसत होती. खिडकी कुठेच नव्हती. वादळाने ती एकदाच पाडली. त्याने रोज बुजवली होती.

रविवारी दुपारी बायको म्हणाली, "जेवणार आहात, की निगेटिव्हच चावताय?"

"उद्या माझं हसं होणार."

"माझा तो फोटो बघितलात? वाया गेला म्हणून तुम्ही फेकला होतात तो?"

लग्नानंतरचा पहिला महिना. त्याने तिला फुलीवर उभं करून तासभर उजेडाची वाट पाहायला लावली. शेवटी ती रागाने मटकन खाली बसली, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. तो फोटो तिने सुईदोऱ्याच्या डब्यात जपला होता. खाली फुगलेले गाल आणि वर मोकळी खिडकी. तीन कमानी, मधली जराशी उंच. तो किती वेळ बघत राहिला. खिडकीकडे की गालांकडे, त्याचं त्यालाच कळेना.

सोमवारी इंजिनिअर मुलीने फोटोवर भिंग धरलं. "काकू, बरं झालं रुसलात!"

"आता सवयच झालीय गं. लागेल तेव्हा सांग."

संध्याकाळी फोटोवाला रंगाचा डबा घेऊन कातळावर गेला. जुनी फुली घासून काढली आणि बायकोला उभं केलं. "डावीकडे हो. अजून जरा." बुरुजाच्या रिकाम्या जागेत त्याने तीन कमानी मनानेच बसवल्या. मग तिच्या पायांशी नवी फुली मारली.

"बसू का?" तिने विचारलं.

"उभीच राहा. आता दोघी मावाल."