ग्रॅनी शिबाची जागा

आमच्या बेटावरच्या प्रॉस्पर गॅप गावात टीचर इसिल्डाला चुकीचं ठरवायची कुणाची टाप नव्हती. अडतीस वर्षं तिनं आमच्या गावाला पाढे शिकवले, लंडनहून आलेली पत्रं वाचून दाखवली, पाद्रीबाबांच्या प्रवचनातलं व्याकरणसुद्धा सुधारलं. निवृत्त झाली तरी ती रस्त्यानं निघाली की पन्नाशीचे बाप्ये हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. तिला न भिणारी बाई एकच, तिची आई मिस बर्थी. आमच्याकडे आईला मामा म्हणतात.

मिस बर्थी ब्याण्णव वर्षांची. डोळे कधीच गेलेले, पण जीभ शाबूत. त्या फेब्रुवारीत तिनं अन्न सोडलं.

"इसी, आता माझं आटपलं."

"काहीतरी बोलू नकोस मामा. दोन चमचे पेज घे बघू."

"तुझी पेज राहू दे. मला ग्रॅनी शिबाच्या पायाशी ठेव. बास. दुसरं काही मागत नाही."

ग्रॅनी शिबा म्हणजे मिस बर्थीच्या आजीची आजी. मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली, ऊस तोडून तोडून वाकली, आणि सुटका झाल्यावर त्याच मळ्याचा हा तुकडा तिनं घेतला. आज त्यावर सगळं खानदान राहतं. जमीन कुणा एकाची नाही, जे जन्मले आणि जे जन्मतील त्या सगळ्यांची. घराण्यातले बाकीचे मेलेले परड्यात चुन्याच्या चौथऱ्यांखाली आहेत. शिबावर मात्र चौथरा नाही. तिच्या वेळी चुना परवडायचा कुणाला?

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे तांबड्या पानांचं एक झुडूप असतं, त्याला ड्रॅगन म्हणतात. ते मारून मरत नाही. म्हणून लोक ते बांधावर लावतात, आणि मेलेल्यांच्या उशाशीही लावतात. कुठलं कशासाठी, हे लावणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो काही सांगायला मागं राहत नाही. घराण्याच्या जमिनीत खालच्या अंगाला अशी ड्रॅगनची एक लांब ओळ होती. ओळीपलीकडे ओढ्यापर्यंत नुसतं रान. अठ्ठ्याऐंशीच्या वादळात घराचं छप्पर उडालं, तेव्हा क्लोविस ठेकेदारानं ते रान विकत मागितलं. घराण्याची जमीन विकायची नसते, पण इसिल्डा म्हणाली, ड्रॅगनची ओळ हा बांध, त्यापलीकडचं मागून जोडलेलं, घराण्याचं मूळचं नव्हेच.

मिस बर्थी तेव्हा काठी टेकत अंगणात आली होती. "अगं, तिथं आपली माणसं झोपलीत. माझ्या आईनं हात धरून दाखवलंय मला."

"मामा, तू सहा वर्षांची होतीस. दोरी धरून लावल्यासारखी सरळ ओळ आहे ती. मेलेले काय कवायतीला उभे राहतात?"

सगळे हसले. मिस बर्थी हसली नाही. इसिल्डाच्या बर्मिंगहॅमच्या दोघा भावांनी पत्रानं कळवलं, टीचर म्हणते म्हणजे असणारच. सह्या झाल्या. क्लोविसनं यंत्र लावून ती जागा पुरुषभर खोल खणली, सपाट केली, आणि तिथं सिमेंटचे ठोकळे पाडायचा कारखाना टाकला. नव्या छपराखाली मिस बर्थी पंधरा वर्षं झोपली, पण त्या विषयावर लेकीशी एक शब्द बोलली नाही.

आणि आता ही मागणी. इसिल्डाची खात्री होती की शिबा वरच्या बाजूला, त्या जुन्या सावरीच्या झाडाजवळ असणार. पण नुसत्या खात्रीवर आईला मातीत कसं ठेवायचं? म्हणून तिनं ठरवलं, मळ्याचे जुने कागद काढायचे. पहिल्या गोऱ्या मालकाला, कुणा कॅप्टनला, राजानं जमीन बहाल केली तिथपासून तुकडे पडेपर्यंतचे.

"कागदाला काय कळतंय?" मिस बर्थी म्हणाली.

"कागद खोटं बोलत नाही मामा."

"मग मी बोलते होय?"

इसिल्डानं वही पिशवीत टाकली. शेजारच्या व्हेरोनाला आईजवळ बसवून ती पहाटेची टॅक्सी धरून स्पॅनिश टाउनच्या दफ्तरखान्यात गेली. एकदा नाही, तीनदा. जायला चार तास, यायला चार तास, मांडीवर दुसऱ्याचं पोर किंवा कोंबडी. दफ्तरखान्यात मिस्टर लिटल नावाचे म्हातारे कारकून होते. तिचा चष्मा, वही, टोक केलेल्या तीन पेन्सिली बघूनच त्यांनी ओळखलं.

"मास्तरीणबाई ना? बसा. एक सांगून ठेवतो, गोरे साहेब जमीन मोजायला आले होते, माणसं नव्हे. माणसं हवी असतील तर गुराढोरांच्या पानावर बघा."

आणि खरंच सापडलं. बैल अठरा, खेचरं सहा, आणि त्याखाली: क्वाशिबा, वय चौतीस, शेतकाम, तब्येत चांगली. शिबाचं पुरं नाव ते. इसिल्डानं त्यावर बोट ठेवलं आणि तिला एकदम हुंदका आला. कोण कुठला कॅप्टन, तीनशे एकर त्याला एका सहीत मिळाले, आणि हिला माणूस म्हणून कुणी लिहिलंसुद्धा नाही! मिस्टर लिटल खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना सवय होती.

तिसऱ्या खेपेला नकाशा हाती आला. सुटकेनंतर मळ्याचे तुकडे पाडले तेव्हाचा. शिबाच्या तुकड्यावर तिचं नाव होतं. इसिल्डानं हद्द शोधली. पूर्वेची हद्द ओढा. थेट ओढा. मधे बांध नव्हताच. मग तिची नजर वर सरकली. जमिनीच्या ऐन पोटात बारीक फुल्यांची एक ओळ होती, दोरी धरल्यासारखी सरळ, आणि तिच्या ओढ्याकडच्या अंगाला मोजणीदारानं लिहिलं होतं: गुलामांची दफनभूमी.

ड्रॅगनची ती ओळ बांधाची नव्हती, उशांची होती. मळ्याच्या मुकादमानं त्यांना मेल्यावरही ओळीनंच पुरलं होतं. आणि शिबाला तिच्या लेकरांनी तिच्या माणसांतच ठेवलं होतं.

मिस्टर लिटलनी पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं नाही. "माझी आई आंधळी आहे," ती म्हणाली. "तरी तिला दिसत होतं."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. पण कळसा निदान शाबूत तरी असतो. ती टॅक्सीतून उतरली ती घरी न जाता सरळ क्लोविसच्या कारखान्यावर गेली.

"क्लोविस, इथं खणलंस तेव्हा काही निघालं होतं का?"

क्लोविस तिचाच विद्यार्थी. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "टीचर, आता कशाला उकरून काढता?"

"विचारते त्याचं उत्तर दे."

"हाडं निघाली होती. यंत्रवाला म्हणाला, गाईची असतील. मातीच्या चिलमी निघाल्या, निळे मणी निघाले." तो खाली बघत राहिला. "गाई मणी घालत नाहीत, हे मला कळत होतं टीचर. पण तुम्ही सांगितलं होतं बांध आहे म्हणून. तुम्ही सांगितल्यावर मी कोण विचारणारा?"

"कुठं आहे ते सगळं?"

"मातीबरोबर ओढ्यात ढकललं. त्या साली पाऊस केवढा झाला, आठवतोय ना. गेलं समुद्रात."

एखादी वाटी माती, एखादा मणी, काही नाही. आईला कारखान्याच्या कुंपणाला खेटून ठेवावं म्हटलं तरी पलीकडे आता कुणी उरलं नव्हतं. इसिल्डा घरी आली तेव्हा मिस बर्थी उशीला टेकून वाट बघत होती. गेले तीन दिवस ती नुसत्या पाण्यावर होती, पेजेचा चमचाही बंद.

"सापडली?"

इसिल्डाचं तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. मग तिनं ते हात बघितले, चादरीवर पसरलेले, नुसती कातडी आणि शिरा.

"सापडली मामा."

"कुठं गं?"

"वरती. सावरीच्या अंगाला. नकाशात नाव लिहिलंय तिचं."

"म्हणजे माझंच चुकलं होतं तर," ती म्हणाली. "उगाच इतकी वर्षं तुझ्यावर राग धरला. आईनं दुसरंच काही दाखवलं असेल. सहा वर्षांचं पोर मी, मला काय कळणार! इसी, माफ कर हं मला."

इसिल्डानं चादरीची कड तोंडात कोंबली. मिस बर्थीनं त्या संध्याकाळी चार चमचे पेज खाल्ली, व्हेरोनाला म्हणाली, माझी लेक खोटं बोलत नाही, शाळेत होती तेव्हापासून. गुरुवारी सकाळी ती गेली.

शनिवारी गावचे पुरुष पहारी-फावडी घेऊन आले. बायकांनी आवारात बकऱ्याच्या रश्श्याचं पातेलं चढवलं. आमच्यात पहिला घाव घालण्याआधी घरातल्या मोठ्यानं तिथं आधी झोपलेल्याला सांगायचं असतं, की सरक बाबा, तुझं माणूस येतंय. इसिल्डानं सावरीजवळची जागा दाखवली. म्हातारा लेबर्ट, ज्यानं गावातली निम्मी थडगी खणलीत, त्यानं जमिनीवर रम शिंपडली आणि तिच्याकडे बघितलं. क्लोविस पहार घेऊन मागं उभा होता. तो बघत नव्हता.

"ग्रॅनी शिबा," इसिल्डा म्हणाली, आणि वर्गातला तो खणखणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, "जरा सरक. तुझी बर्थी येतेय."

"आमेन," सगळे म्हणाले, आणि खणायला लागले. कुणी चावट गाणं म्हटलं, कुणी मिस बर्थीच्या शिव्यांच्या नकला केल्या. हसत-खेळत खड्डा छातीइतका झाला, मग डोक्याइतका. शेवटी लेबर्ट थांबला. त्यानं बाजूची माती हातानं चाचपली, मुठीत घेऊन कुस्करली, पुन्हा चाचपली. मग खड्ड्यातून तोंड वर करून त्यानं भाबडेपणानं हाक दिली.

"टीचर, काहीतरी चुकतंय बघा. ही माती कोरी आहे. चारही अंगांना हात लावून बघितला. इथं कधीच कुणी नव्हतं."

गाणं थांबलं. क्लोविस पहार टाकून आवाराबाहेर निघून गेला.

"माहीत आहे," इसिल्डा म्हणाली. "माझं चुकलं. तिचं नाही, माझं. सगळ्यांनी ऐका, मामाचं कधीच चुकलं नव्हतं."

लेबर्ट खड्ड्यात तसाच उभा होता, त्याला वर यावं की नाही ते कळेना.

"खण तू," ती म्हणाली. "आता दुसरीकडे न्यायला जागाच नाही."