मागच्या बाकांचे फादर

फादर दामियन मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चालू असताना माईकची वायर उपटायचे. लपूनछपून नाही, उघड उघड. गाणं सुरू झालं की वेदीवरून खाली उतरायचे, पांढरा झगा एका हाताने जरासा उचलून थेट मागच्या बाकांपर्यंत जायचे आणि तिथल्या माणसांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायचे. माणसं गात नसली की परत येऊन गायकवृंदाच्या माईकची पिन भिंतीतून काढायचे. आमचा आवाज एकदम निम्म्यावर यायचा. "आता देवाला ऐकू येईल," असं म्हणून ते पुन्हा वेदीवर चढायचे.

"आमचा" म्हणते, कारण पेटीवर मी असायचे. मी ख्रिस्ती नाही. नारायण पेठेत जन्मले, कोथरूडच्या एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले, आणि अजूनही रोज सकाळी गणपतीला जास्वंद वाहते. तरी वर्षानुवर्षं दर रविवारी मी वारज्याच्या एका छोट्या चर्चमध्ये पेटी वाजवली, आणि त्याला सर्वस्वी फादर दामियन जबाबदार होते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमची पहिली भेट पेठेतल्या पेटी दुरुस्तीच्या दुकानात झाली. साधा शर्ट, खांद्याला शबनम, रुंद छातीचा एक सावळा माणूस दुकानदाराशी हुज्जत घालत होता. "वरच्या सुरांचं राहू द्या हो, खालच्या सप्तकाला हवा कमी पडता कामा नये." दुकानदार मान वर न करता म्हणाला, "पेटी आहे ही. बोकड नाही, हवा तो भाग न्यायला." मी माझी दुरुस्त झालेली पेटी वाजवून बघत होते. तो माणूस माझ्याकडे वळला. "बाई, वाजवता छान. पण कुणी सोबत गायला लागलं तर त्याची वाट बघता का?"

मला राग आला. म्हटलं, "जन्मभर शाळेतल्या मुलांना साथ केलीये मी."

"मुलं तुमची वाट बघत असतील. मी उलटं विचारतोय." मग खिशातून कागद काढून चर्चचा पत्ता लिहून दिला. "रविवारी या. राग तसाच ठेवून या, कामाला येईल."

ही व्यक्ती पाद्री आहे हे मला तो पत्ता वाचून कळलं. गेले ते केवळ भांडायला.

चर्चमधली बहुतेक मंडळी नगर जिल्ह्यातून येऊन वारज्यात राहिलेली होती. गवंडीकाम करणारे, रिक्षावाले, नर्स, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका. पुढे गायकवृंदात चांगल्या आवाजाच्या कॉलेजच्या मुली होत्या. मी त्यांना खुलेल अशी काळी पाच धरली. गाणं संपल्यावर फादर माझ्याजवळ आले. "ही पट्टी कुणासाठी?"

"मुलींना खुलते."

"मुलींना खुलते आणि मार्था मावशीला बंद करते. उतरवा खाली."

मार्था मावशी म्हणजे शेवटच्या बाकावर बसणारी एक जाडजूड म्हातारी. दर ओळीच्या शेवटी ती सूर लांबवायची, मग थांबून दम घ्यायची, मग पुढे निघायची. तिच्यामुळे अख्खी मंडळी रेंगाळायची. मी पट्टी उतरवली, पण लय काही सोडेना. दुसऱ्या रविवारी फादर म्हणाले, "पेटीला भाता आहे, मावशीला दमा आहे. थांबायचं कुणी?" मला उत्तर न सुचणं ही आमच्या घरात सांगायची गोष्ट होती, पण मी सांगितली नाही.

फादरांची सगळी लढाई एवढीच होती. मागच्या बाकावरचा माणूस आपल्या तोंडाने, आपल्या चालीत गाणार, की तिकीट न काढलेला प्रेक्षक म्हणून बसणार? ते वेदीवर चढले ते याच एका प्रश्नासाठी, असं मला कधीकधी वाटायचं.

त्यांची आई दुसऱ्याच्या शेतात कांदा खुरपायला जायची. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत गळा ओळखून वरिष्ठांनी त्यांना चर्चचं जुनं गायन शिकायला रोमला पाठवलं. तिथली हकिकत ते फार रंगवून सांगत. "मठातल्या साधूंचं गाणं बघा बाई, बिनतालाचं. श्वास संपेल तिथे ओळ संपते. आमचे मास्तर छाती फुगवून म्हणाले, जगात असं दुसरं गाणं नाही. मी हात वर केला. म्हटलं, आहे की. माझी आई खुरपताना असंच गाते."

"मग?"

"मग काय, नापास केलं. पुढच्या वर्षी तेच उत्तर लिहिलं, पास झालो. मास्तर बदलला होता."

परत आल्यावर धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या चर्चच्या संगीताची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तोवर खेड्यातली मराठी माणसंही परदेशी चालींवर भाषांतरित गीतं गायची, म्हणजे गाण्याचा प्रयत्न करायची. जड ओझं वाहिल्यासारखी ती गीतं शेवटपर्यंत नेऊन ठेवायची. फादर गावोगाव फिरले. बायकांबरोबर बांधावर बसले, खुरपणीच्या चाली गळ्यात घेतल्या आणि त्यांवर स्तोत्रं बसवली. कागद कुणाला दिला नाही. एक ओळ स्वतः म्हणायची, ती लोकांनी म्हणायची, मग पुढची. "कागद दिला की माणूस खाली बघतो," ते म्हणायचे, "आणि खाली बघून गाणारा माणूस माफी मागितल्यासारखा गातो. आपण कुणाची माफी मागायची?"

हे अर्थातच दोन्हीकडून अंगावर आलं. शहरातल्या जुन्या ख्रिस्ती घरांमधून विचारणा झाली, की हे चर्च आहे की भजनी मंडळ? आणि माझ्या चुलतजाऊबाई हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आता आमच्याकडची पेटीसुद्धा बाटली म्हणायची." मी ते फादरांना सांगितलं. म्हणाले, "फुटली नाही ना? मग वाजवा." हेच मी जाऊबाईंना जाऊन सांगितलं. त्यानंतर त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, आणि माझी एक संध्याकाळ मोकळी झाली.

एका गुड फ्रायडेची गोष्ट सांगायलाच हवी. गुरुवारच्या मिस्सेनंतर पुनरुत्थानाच्या मिस्सेपर्यंत चर्चमध्ये वाद्य वाजवत नाहीत, घंटासुद्धा नाही. हे मला सांगितलेलं होतं. पण हाताला कोण सांगणार? लोक क्रूसापाशी उभे राहिले आणि मी सवयीने सूर दिला. फादरांनी पुढे होऊन भात्यावर तळहात ठेवला. "आज हिचाही उपवास," ते हळूच म्हणाले. मी शरमेने हात मांडीवर घेतले. सुराविना लोक तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत सुरू झाले. असं काही कानावर पडण्यापेक्षा घरी बसून खिचडी खाल्लेली बरी, असं मला झालं. फादर शांत उभे होते, मदत करत नव्हते. दुसरं कडवं झालं, तिसऱ्यात ते तिन्ही सूर हळूहळू एकमेकांकडे सरकले आणि एकावर येऊन थांबले. पुढे सगळं गाणं त्यांनी त्या सुरात नेलं, कुठेही न ढळता. फादरांनी नंतर विचारलं, "कुठली पट्टी होती?"

"पेटीवर नाहीच ती. काळी एक आणि पांढरी दोनच्या मधली कुठलीतरी."

"म्हणजे त्यांची स्वतःची," ते म्हणाले, आणि दिवसभर असे खूश होते की गुड फ्रायडेला शोभत नव्हतं.

मग तो मोठा सोहळा आला. धर्मप्रांतातले सगळे पाद्री, खुद्द बिशप, आणि कॅम्पाकडचं मोठं चर्च. संगीत समितीवर पिंटो सर म्हणून एक गृहस्थ होते. उत्तम ऑर्गन वाजवायचे, शिस्तीचे, मनाने वाईट अजिबात नव्हते. त्यांनी कळवलं, की ऑर्गन असेल आणि निवडक गायकवृंद असेल. मराठी गीत एकच, तेही बिनवाद्याचं, लोकांनी आपापल्या जागेवरून म्हणायचं. पेटी-तबला नको, आणि वारज्याच्या मंडळींना गायकांच्या सज्ज्यात जागा नाही. एवढ्यावर बैठकीत दोघांची जुंपली. मी फादरांबरोबर गेले होते, म्हणून ऐकलं.

"फादर, इट्स अ क्वेश्चन ऑफ डिग्निटी," पिंटो सर म्हणाले. "एक प्रतिष्ठा नको का?"

"तुमच्या प्रतिष्ठेला माझी हरकत नाही सर. पण ती तोंड मिटून बसते."

शेवटी बिशपांचा निरोप आला, की समितीचं ऐकावं. फादर म्हणाले, "जशी आज्ञा." मी बाहेर पडताना चिडून विचारलं, एवढं भांडून शेवटी मान तुकवलीत? ते म्हणाले, "बाई, मी आज्ञापालनाची शपथ घेतलेला माणूस आहे. आज्ञा पाळायचीच. पण अशी पाळायची की देणाऱ्याने पुन्हा विचार करून द्यावी."

सोहळ्याच्या दिवशी त्यांनी वारज्याची मंडळी एकत्र बसवली नाहीत. इथे दोन, तिथे चार, खांबाआड एक, सगळ्या चर्चभर विखुरली. खेड्यांतून आलेली माणसं तर आधीच चहूकडे होती. सज्ज्यातल्या गायकांचं ऑर्गनवरचं गायन झालं, सुंदर झालं, सगळ्यांनी ऐकलं. मग मराठी स्तोत्राची वेळ आली. वाद्य नाही, माईक नाही, सज्जा गप्प. मला वाटलं, फसलं. तेवढ्यात मागून मार्था मावशीचा तो जाड, लांबणारा सूर निघाला. दुसरी ओळ डावीकडून आली. तिसऱ्या ओळीला चर्चची एकही बाजू रिकामी राहिली नाही. कांदा खुरपायची ती चाल, झुंबरांखाली, कुणाची परवानगी न घेता, आपल्या दमाने चालली होती. बिशप उभे होते. गावाकडचे पाद्री गात होते. फादर दामियन मात्र पाद्र्यांच्या शेवटच्या रांगेत हात जोडून, ओठ मिटून उभे होते, अगदी आज्ञाधारक. मी रडले. का रडले ते मला अजून नीट सांगता येत नाही, आणि सांगायची मला गरजही वाटत नाही.

बाहेर पिंटो सर लाल चेहऱ्याने म्हणाले, "फादर, यू चीटेड."

"एक तरी नियम मोडला का, सांगा."

पिंटो सरांनी बोटांवर नियम मोजून पाहिले. मग म्हणाले, "त्या चालीला ऑर्गनची साथ करता येईल का, बघतो."

"बघा. पण थांबायला शिका आधी."

नंतर फादरांकडून धर्मप्रांताच्या संगीताची जबाबदारी काढून घेण्यात आली. त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सेनंतर पेढे वाटले. कुणी विचारलं, कशाचे? म्हणाले, "पद गेल्याचे. चाली परत घ्यायला कुणी आलं नाही, त्याचे." आणि खरंच, त्या चाली कुणाला परत घेता आल्या नाहीत. कागदावर नव्हत्याच, जप्त काय करणार?

पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नुसता घोगरा झाला नाही, गेलाच. अगदी कानाशी तोंड नेलं तर कुजबुज ऐकू यायची, तीही मोठ्या कष्टाने. ईस्टर तोंडावर आला होता. मिस्सेत मध्यावर एक जागा असते, पाद्री एक ओळ गातो आणि लोक गाऊन उत्तर देतात, अशा ओळीला ओळ लावत ते पुढे जातं. वरून सुचवलं गेलं, की दुसरे पाद्री पाठवतो, किंवा यंदा हे सगळं न गाता नुसतं म्हणा. डॉक्टरांनी तर घशावर ताण द्यायलाच मनाई केली होती. फादरांनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "मी गाणार. ऐकू येवो न येवो."

"अहो, लोकांना कळणार कसं कुठे उत्तर द्यायचं ते?" मी ओरडलेच.

त्यांनी खांदे उडवले. तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

त्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. ती जागा आली. फादरांनी दोन्ही हात पसरले, मान उचलली, आणि गायला लागले. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आवाजाचा कणही नव्हता. सबंध चर्चमध्ये फक्त पंख्यांची घरघर. मी पेटीवर हात धरून बसले होते आणि मला ओळ कुठवर आली आहे ते कळत नव्हतं. सूर कधी द्यायचा, द्यायचा की नाही, काही सुचेना. घाबरून मी मागे वळून बघितलं. सगळी माणसं वेदीकडे बघत होती. कुणी चुळबुळ करत नव्हतं, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. गाणाऱ्याची ओळ पुरी व्हायची वाट बघावी तशी ती थांबली होती.

मग फादरांचे ओठ मिटले आणि त्याच क्षणी सगळ्यांनी उत्तर गायलं.

त्यांनी दुसरी ओळ घेतली. लोक पुन्हा थांबले, आणि पुन्हा गायले. पुढच्या पावसाळ्यात फादर गेले. त्या सकाळी मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत गायले, आणि लोकांचं एकही उत्तर चुकलं नाही.