ताक घातलेला दगड

बागेतला छोटा धबधबा बांधून झाला, पण दगड अगदी कोरे दिसत होते. शेवाळ धरावं म्हणून काल मी मधल्या काळ्या दगडावर तांब्याभर ताक ओतलं.

सकाळी बागेत आलो आणि हबकलोच. दगडाला हळदकुंकू, वर जास्वंद, आणि समोर शेजारच्या सुमनकाकू हात जोडून उभ्या!

“काकू, अहो, हे काय?”

“नातीचं आज ऑपरेशन आहे. काल तुला अभिषेक करताना पाहिलं, म्हटलं इथेच नवस बोलावा.”

धबधबा खरा वाटावा, एवढीच माझी हौस. पण आपल्याकडे पाण्याकाठचा दगड नुसता दगड राहतोच कुठे?

खरं सांगायला पुढे झालो आणि चपला पायातून आपोआप निघाल्या.