मका, घास आन् आठवीचं गणित

हिरव्या मक्याची कुट्टी पडताना जो वास सुटतो ना, गोडसर, वलसर, कवळ्या कणसासारखा… तो आला की मला अजून शाळंला उशीर झाल्यासारखं हुतं. भाकरी थापत आसू दे न्हायतर धुणं पिळत आसू दे, छातीत धडधड सुरू. पहाटं आमच्या गोठ्यात आसंच आसायचं. कुट्टीचं ते भलंमोठं लोखंडी चाक, आई वैरणीचे भारे आत सरकवायची आन् मी दोन्ही हातांनी दांडा धरून चाक फिरवायची, खर्र-खट, खर्र-खट… हिरवे तुकडे पायावर पडायचे, थंडगार, दवानं भिजल्याले, आन् गायी नुसत्या वासानंच हंबरायच्या. लांबनं साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास वाऱ्यावर यायचा. सणसरच्या अलीकडं, कॅनॉलला लागून आमची वस्ती — दोन-चार घरं, बाकी नजर जाईल तितं ऊस.

गावातल्या शाळंत सातवीपतोर गणित म्हंजी माझ्या हातचा मळ हुता. गुरुजींचं इचारून हुयाच्या आत माझं उत्तर तयार. रानात बी तेच, किती सऱ्या झाल्या, किती ऱ्हायल्या, गड्यांच्या आदी मी सांगायची, आन् आबा म्हंजी माझे वडील, ते पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे, "आमच्या पोरीच्या डोस्क्यात मशीन हाय." मला लई बरं वाटायचं तवा. वाटायचं, आकडे म्हंजी आपल्या गोठ्यातल्या गायी, हाक मारली की येणार.

आठवीला हायस्कूल फुडच्या गावात. उसातनं पायवाट, आन् ऊस वाढला की ती वाट निम्मी बुजून जायाची. दप्तर तोंडाम्होरं धरून चालायचं, तरी पातीची कड हाताला वढायचीच, बारीक रेघ उठायची, आन् मग शाळंत घाम आला की ती रेघ चुनचुनायची. माझ्या जोडीला शबाना हुती. तिच्या अब्बांचं स्टँडावर सायकलचं दुकान, घर आमच्या वस्तीच्या मागंच. जाताना मला हाक मारायची, "चल गं, का गायीच घेऊन येतीस दप्तरात?"

आन् मग पैल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर आकड्यांच्या मदी एक अक्षर काढलं.

ते फुलीसारखं अक्षर मला आजून दिसतंय, खडूची पूड खाली झरताना. सर म्हणाले ह्यो एक्स. मी बघत बसले. सगळी पोरं लिवून घ्यायला लागली, मला वाटलं आपलं कायतरी हुकलं, आदल्या दिशी सांगितलं आसंल, आपण कुठं हुतो? भीत भीत हात वर केला.

"सर, एक्स म्हंजी किती?"

"तेच तर काढायचंय."

"पर तुमाला म्हाईत हाय न्हवं? मग सांगून टाका की."

वर्ग हसला. सर बी हसले, वाईट माणूस न्हवते ते. पर त्या दिसापस्नं माझ्या पोटात एक गोळा बसला. सातवीतल्या आकड्यांना वजन आसायचं, पाच म्हणलं की पाच पेंढ्या डोळ्याम्होरं यायच्या. आन् ह्यो एक्स… आज सात, उद्या तीन, परवा तर शून्याच्या बी खाली. आसं रोज बदलणाऱ्यावर इश्वास ठिवायचा तरी कसा?

मग ती बेरीज आली. दोन ए अधिक तीन बी. सरांनी मला फळ्यावर बोलावलं. खडू मोडला, पर मी लिवलं: पाच एबी. मनात म्हणलं, येवढं तर येतंय आपल्याला.

सर म्हणाले, "हे कसं केलंस गं?"

"सर, दोन भारे मका आन् तीन भारे घास. पाच भारे वैरण झाली की."

"आगं, पण मका वेगळा, घास वेगळा. दोन्ही एक होतील का?"

आता इथं गप बसायचं सोडून मी बोलले, आमच्यात जसं हाय तसंच बोलले. "व्हय सर. कुट्टीत टाकल्यावर एकच हुतंय. मग कोण वळखतंय?"

आख्खा वर्ग बाकं बडवून हसला. मागनं एक पोरगा वरडला, "कुट्टी!" — आन् तेच माझं नाव पडलं. पटांगणात कुट्टी, पाण्याच्या टाकीपशी कुट्टी, हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावर कुणीतरी तोंडानं खर्र-खट करायचं. गणिताचा तास आला की पेनाचं टोपण दातानं चावून चावून त्याला पार चिपाड केलं मी.

घटक चाचणीत गणितात नापास झाले. आबांना कागद दावला तवा ते धार काढत हुते. गायीच्या कुशीला डोकं टेकवून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सहामाहीला पास झालीस तर जा फुडं. न्हाय जमलं तर कशाला येवढी पायपीट? हितं तुझ्या आईची कंबर गेलीया, गोठा हायेच." रागानं न्हाय बोलले. रागानं बोलले आसते तर मी रडले आसते, आई मदी पडली आसती. पर ते सरळ, पाऊस-पाण्याचं बोलावं तसं बोलले, आन् दुधाची धार बादलीत चर्र-चर्र पडत ऱ्हायली… आईनं पदरानं तोंड पुसलं. आमच्या भावकीतल्या माझ्या वयाच्या दोघी तवा घरीच बसल्याल्या. वर्सा-दोन वर्सांत त्यांना बघायला पाव्हणे येणारच. मला म्हाईत हुतं, शाळा सुटली की फुडं काय आसतंय ते.

दुसऱ्या दिशी वाटंनं मी शबानाला सगळं सांगितलं. सांगता सांगता हुंदका आला.

"गप ए रडूबाई," ती म्हणाली. "तुला कुट्टी म्हणत्यात, मला काय म्हणत्यात म्हाईत हाय का? पंक्चर. मी रडते का?"

"तुला गणित येतंय. मला ते मका-घासाचं अजून कळंना. एकच तर हुतंय गं."

ती चालता चालता थांबली. जरा इचार केला तिनं. मग म्हणाली, "संध्याकाळी तुझ्याकडं येते. तुझ्या गायीला इचारू."

मला वाटलं, चेष्टा करतीया. पर आली खरंच, शाळंच्या कपड्यावरच. गव्हाणीत मी नुकतीच कुट्टी टाकल्याली, मका आन् घास मिसळून. शबाना गव्हाणीवर कोपरं टेकवून उभी ऱ्हायली, म्हणाली, "आता नुसतं बघ." आमची तांबडी गाय, लई नखऱ्याची, तिनं तोंड घातलं, फुर्रकन श्वास सोडला, मक्याचे तुकडे नाकानं बाजूला सारले आन् खालनं घासाची पानं येचून येचून खायला लागली. घास सपला तवा मक्याला तोंड लावलं. मी रोज टाकत हुते ती कुट्टी, रोज! आन् कवा बघितलंच न्हवतं.

"बघ," शबाना म्हणाली. "तू कितीबी मिसळ. तिला येगळं कळतंय. दोन मका ते दोन मकाच, तीन घास ते तीन घासच. तुझ्यापरीस हिला बीजगणित येतंय."

मी हसले. लई दिसांनी हसले. आन् आतला तो गोळा… काय सांगू, बर्फाचा खडा तोंडात इरगळावा तसा वाईच सैल झाला.

मग आमचा नेमच झाला. शाळंतनं येताना कॅनॉलच्या कडंला वल्या गाळात बसायचं, बाभळीच्या काटकीनं गणितं सोडवायची. गाळ मऊ, चॉकलेटी, रेघ कशी लोण्यात वढल्यासारखी उठायची, आन् चुकलं की हाताच्या तळव्यानं पुसायचं. वहीवर चूक झाली की ती तितंच बसायची, टकामका बघत. गाळातली चूक पुसली की गेली. म्हणून मला चुकायचं भ्या वाटंना. पाणी शेजारनं सावकाश वाहायचं, खंड्या तारंवर बसल्याला आसायचा, आन् शबाना माझ्या हातावर काटकी मारायची, "बराबरच्या पलीकडं नेलास ना त्याला? मग चिन्न बदल की! फुकट नेतीस व्हय?" हळूहळू मला एक्सची सवय झाली. त्यो कोण हाय हे आदीच म्हाईत नसलं तरी चालतंय, त्याच्या आजूबाजूचं एकेक बाजूला करत गेलं की त्यो आपसूक एकटा ऱ्हातो आन् आपलं नाव सांगतो. हे कळलं त्या दिशी मी घरापतोर पळत गेले. कुणाला सांगायचं नव्हतं काय, आपलं उगंच.

सहामाहीचा पेपर मला पुसट आठवतोय. खिडकीतनं मळीचा वास येत हुता, आन् पैलंच गणित मला येईना. मग दुसरं वाचलं, ते आलं. मग तिसरं. पास झाले. लई मार्क न्हवते, काठावरनं जरा आत. आबांना कागद दावला. त्यांनी लांब धरून वाचला, "बरं," म्हणाले, आन् घडी घालून खिशात ठिवला. बास, येवढंच. पर दुसऱ्या दिशी पहाटं मी गोठ्यात गेले तर कुट्टीचं चाक आबा फिरवत हुते. मला म्हणाले, "जा, आवर तुझं. उशीर हुईल."

नववीत भूमिती वाढली. सिद्ध करा म्हणायचे. "दिसतंयच की दोन्ही कोन सारखे हायेत, मग सिद्ध काय करायचं?" मी म्हणायची, आन् शबाना म्हणायची, "सरांना चश्मा लागलाय, त्यांना दिसत न्हाय, म्हणून." पर खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं हुतं. पक्ष, साध्य, सिद्धता… ह्ये शब्द म्हणताना माठातलं पाणी पिल्यावानी वाटायचं. एका वळीवरनं दुसरी, दुसरीवरनं तिसरी, कुठं धक्का न्हाय, उडी न्हाय. आमच्या घरात आसं कायच नसायचं. पाणी यील का न्हाय, उसाला तोड यील का न्हाय, सगळं वरच्यावर. त्या वहीत मातर एकदा 'म्हणून' लिवलं की ते कुणाच्या बापाला बदलता येत नव्हतं.

नववी पास झाले. सुट्टीत शबानाच्या अब्बांनी बारामतीत दुकान घेतलं आन् ती माणसं तिकडं गेली. टेम्पो भरला तवा मी गेले हुते. तिनं सायकलच्या ट्युबांवर बसून हात केला, "रडू नगंस गं ए कुट्टी," म्हणाली, आन् सोताच रडायला लागली.

जून लागला. दप्तर धुऊन वाळत घातल्यालं. ऊस डोक्याच्या वर गेल्याला. आबा अंगणात बसून म्हणाले, "एकटी पोर उसातनं नगं." आईनं कायतरी बोलून बघितलं, चुलत्यांनी मान हलवली, आन् झालं. मार्कांचं कुणी इचारलंच न्हाय. मी वाट बघत हुते, कुणीतरी इचारंल. गणितात तर मी पास हुते.

मग पणदऱ्याकडं दिलं मला. हितं बी ऊस, हितं बी गायी. सासरची माणसं चांगली हायेत. पोरगी झाली, श्रावणी. औंदा ती आठवीत गेली. पैल्या दिशी पुस्तक उघडून माझ्याम्होरं बसली तर मी उगंच चुलीतली लाकडं सारखी करत बसले. पर तिला न्हाय भ्या वाटलं. म्हणती, "आई, सोप्पं हाय गं."

भ्या दुसरीकडनंच आलं. तिच्या जोडीला शेजारच्या वस्तीवरची एक पोरगी जायाची. ती मामाकडं गेली, इंदापूरला, तिकडंच शिकणार म्हणं. आन् त्याच आठवड्यात मोबाईलवर आलं की उसात बिबट्या दिसला. खरं-खोटं देव जाणे, पर सगळ्या घरांनी दारं लावून घेतली. यांना, म्हंजी श्रावणीच्या बापाला, पहाटंच दूध घालायला जावं लागतंय, त्यांना न्हेणं जमणार न्हवतं. सासूबाई म्हणाल्या, "ऊस तुटूस्तोर ऱ्हाऊ दे घरी. एकटी पोर कशी धाडायची?"

त्यांचं चूक न्हवतं. पोटात माया हाय म्हणून बोलल्या. पर ऊस तुटायला कैक म्हैने. तवर आठवी कुठल्या कुठं जाती, मला म्हाईत हाय ना. मी कवा मोठ्यानं न बोलणारी बाई, माझा मलाच आवाज लांबनं आल्यासारखा वाटला —

"आत्या, मी जाते तिच्या संगट."

"तू? आन् गायीचं?"

"येऊन करते. उशीर हुईल, पर करते."

सासूबाईंनी दाराआडची काठी काढली. मग म्हणाल्या, "काठी घिऊन जा मग."

तवापस्नं रोज जातो आमी. सगळे म्हणत्यात मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा, आवाजानं जनावर लांब जातंय. श्रावणी म्हणती, गाणी नगं, पाठांतर करते. आन् त्या भरल्या उसात माझी पोरगी जोरजोरात वरडत चालती, "ए अधिक बी चा वर्ग बराबर ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग!" बगळे उडत्यात. मला म्हणती, "आई, तू बी म्हण की, दोघींचा आवाज झाला तर बरं." मी म्हणते. मधलं सुटतं माझं, ती हसती, "आगं, दोन एबी! परत म्हण." मी परत म्हणते.

शाळंच्या फाटकापशी मी थांबते. आतनं प्रार्थनेचा आवाज येतो, फरशीवर नुकतंच पाणी मारल्याचा वास येतो. ती आत पळती. एकदा म्हणाली हुती, "ये की आत, बाई काय म्हणत न्हाईत," पर मी न्हाय गेले. तिची वेणी गर्दीत दिसंनाशी हुईपतोर उभी ऱ्हाते आन् मग वळते.

माघारी मी एकटीच आसते. उसाची पाती घासत्यात एकमेकांवर, कुठं कायतरी खुसफुसतं, अंगावर काटा येतो. म्हाईत हाय मला, संध्याकाळी तिला आणायला परत ह्याच वाटंनं एकटीनं यायचंय. काठी जमिनीवर आपटत, पदर खोचून, दम लागूस्तोर भराभर चालते… आन् चालते.