टाकीतल्या पाण्याचा वास

तिला सगळे नाकमावशी म्हणायचे. दूध संकलन केंद्रावर तिनं एकतीस वर्षं काढली होती. तपासणीची यंत्रं तिथं फार उशिरा आली. त्याआधी कॅनचं झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि एकच शब्द बोलायचा, ‘घ्या’ नाहीतर ‘न्या’. घ्या म्हटलं की दूध आत, न्या म्हटलं की आल्या वाटेनं घरी. धडधाकट बाप्ये रांगेत कॅन घेऊन उभे असायचे आणि तिच्या नाकाकडे बघत बसायचे. यंत्रं आली तरी मोठे साहेब म्हणत, “आधी मावशींना विचारा, मग ते बटण दाबा.”

आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती. नोकरी सुटली, पण नाक काही निवृत्त झालं नव्हतं. नवऱ्याची दीड एकर जमीन, दोन गाई, पंधरा कोंबड्या, टोमॅटोचे चार वाफे आणि कुंपणावर चढलेला भोपळ्याचा वेल, एवढा त्या दोघांचा संसार. मुलगा शहरात. तो फोनवर हमखास म्हणायचा, “तुमचं बरं आहे बुवा. मोकळी हवा!”

त्या मोकळ्या हवेत काय काय असतं, ते मावशीला विचारावं. उन्हाळ्यात सकाळी सहालाच माश्या कामाला लागत. गाईच्या डोळ्यांच्या कडांना चिकटून बसत, तिथून उठत त्या थेट दुधाच्या भांड्यावर. वेलाखाली एखादी कोंबडी चोरून अंडं घालायची, ते आठवडाभर उन्हात उकडायचं, आणि भोपळा काढताना मावशीचा पाय नेमका त्याच्यावर पडायचा. टोमॅटो वरून लालबुंद दिसायचा आणि हातात घेतला की बोटं आत जायची, आत पांढऱ्या अळ्या वळवळत असायच्या. “शी!” म्हणायची ती. दिवसाकाठी पन्नास वेळा तरी म्हणत असेल. स्वतःच्या अंगालाही म्हणायची. गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या घडीत घाम साचायचा, तिथं पुरळ उठायचं, पावडर टाकली की तिचा चिखल व्हायचा. म्हातारपण हे मुळात ओलसर प्रकरण आहे आणि उन्हाळ्यात ते आंबतं, असं तिचं मत झालं होतं.

नवऱ्याला मात्र कशाचंच काही नसे. तो अठ्ठ्याहत्तरीचा, जन्मभर याच मातीत राबलेला. शेणाच्या हातानं पाव तोडून खायचा. मावशी नाक मुरडायची आणि तो हसून म्हणायचा, “अगं, पोटात गेल्यावर सगळं एकच.”

भर उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी तिनं चूळ भरली आणि जागेवर थुंकून टाकली.

“अहो, पाण्याला वास येतोय.”

“कसला?”

“मेलेला.”

नवऱ्यानं पेला तोंडाला लावला, गटागटा रिकामा केला. “काही नाही. गार आहे चांगलं.”

घरामागे सिमेंटची टाकी होती. कमरेएवढ्या ओट्यावर बांधलेली, वर पत्र्याचं झाकण. विहिरीचं पाणी पंपानं तिच्यात चढायचं आणि तिथून घरात यायचं. मावशीनं मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, तुझं आपलं नेहमीचंच. मागच्या वेळी तुला नव्या फ्रीजचाही वास आला होता.” तरी आईची कटकट मिटावी म्हणून त्यानं प्लंबरला पाठवलं. प्लंबर बुधवारी आला, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, वर चाखूनही बघितलं. “मावशी, पाणी झकास आहे. नाकाचंही वय होतं हो.”

“आणि टाकीत डोकावणार कोण?”

“माझे गुडघे गेलेत. सोमवारी पोराला पाठवतो,” म्हणाला आणि स्कूटरवर बसून गेला.

नाकाचंही वय होतं! हे वाक्य तिच्या फार जिव्हारी लागलं. दिवसभर ती गोठ्यात, माजघरात जाऊन एकेक वस्तू हुंगत राहिली. साबण, रॉकेल, गाईचं खाद्य, ओलं पायपुसणं. सगळे वास जिथल्या तिथं होते. नाक शाबूत होतं. म्हणजे पाण्यात काहीतरी कुजत होतं आणि जगात ते फक्त तिला कळत होतं.

तिनं टाकीचं पाणी प्यायचं सोडलं. नवऱ्यालाही बजावलं, पण त्यानं कानाडोळा केला. आता प्यायचं पाणी आणायचं कुठून? विहिरीला रहाट उरला नव्हता, नुसता पंप. हातपंप होता तो शेजारच्या तुकड्यात, धाकट्या जावेकडे. आणि धाकटी जाऊ तिच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हती. केंद्रावर भर रांगेत मावशीनं तिच्या कॅनवर नाक नेलं होतं आणि ‘न्या’ म्हटलं होतं. घरच्या माणसाला! पंचवीस लिटर दूध जावेनं सगळ्यांच्या देखत परत नेलं. दीर वारला तेव्हासुद्धा दोघी एका खोलीत बसल्या, पण तोंडं भिंतीकडे.

गुरुवारी मावशी घागर घेऊन कुंपणाशी उभी राहिली. जाऊ कपडे पिळत होती.

“पाणी हवं होतं,” मावशी म्हणाली.

जावेनं पिळलेला टॉवेल झटकला. “आधी हुंगून बघा बाई. माझं पाणी तुमच्या नाकाला चालेल ना?”

मावशीनं खरोखरच पंपाशी वाकून हुंगलं. “चालेल. लोखंडाचा वास आहे, पण स्वच्छ आहे.”

जाऊ बघतच राहिली. मग तिनं दांडा मारायला घेतला.

शनिवारी पहाटे नवऱ्याचं पोट बिघडलं. संडासापर्यंत पोचेपर्यंतच झालं सगळं. ओसरीपासून मागच्या दारापर्यंत माग उमटला होता, आणि म्हातारा दाराची चौकट धरून उघड्या पायांनी उभा होता. मावशीनं नाकाला रुमाल बांधला. त्याला बाकावर बसवलं, मांड्या पुसल्या, पाय धुतले, लादी तीनदा पुसली. दोनदा ती बाहेर जाऊन कुंपण धरून उभी राहिली. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. या माणसाची तिला कधी अशी किळस येईल असं वाटलं नव्हतं आणि ती आली होती, खोटं कशाला सांगायचं. तो मान खाली घालून म्हणाला, “तू जा. मी करतो.”

“गप्प बसा,” ती म्हणाली. “हात वर करा.”

नर्सबाई येऊन गोळ्या आणि मीठ-साखरेचं पाणी देऊन गेली. तो झोपला. मग मावशीनं लोखंडी शिडी ओढत नेऊन टाकीला लावली. सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर थांबत ती वर चढली.

पत्र्याच्या झाकणाचा एक कोपरा गंजून गळून पडला होता आणि त्या भोकावर कुणीतरी पुठ्ठा ठेवून त्यावर वीट ठेवली होती. पुठ्ठा भिजून आत कोसळला होता. तिनं झाकण सरकवलं आणि वास अंगावर आला, धक्का मारल्यासारखा. पाण्यावर कबूतर तरंगत होतं. एक नव्हे, दोन. फुगलेली, पिसं सुटलेली. पिसांचा थर भिंतीला चिकटला होता आणि पाण्यावर तेलासारखा तवंग होता. या पाण्यानं चहा झाला होता. या पाण्यानं तिनं मंगळवारी चूळ भरली होती.

शिडीवरूनच ती खाली जमिनीवर ओकली.

ते जावेनं कुंपणापलीकडून पाहिलं. ती धावत आली, वर न बघताच म्हणाली, “उतरा आधी. पडलात तर कोण उचलणार?”

“दोन कबुतरं आहेत.”

“आई गं! आणि तो माणूस तेच पीत होता?”

“सोमवारी प्लंबरचा पोरगा येणार म्हणे.”

“सोमवारपर्यंत काय मोर पडतील त्यात,” जाऊ म्हणाली आणि बाह्या सरसावल्या.

दोघी मिळून एकशे एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी तळाचं बूच काढून पाणी भोपळ्याच्या वेलापासून लांब, चरात सोडलं. फावड्यानं कबुतरं ओढून बादलीत घेतली; एकाचा पंख अंगापासून सुटून वेगळाच आला. मग मावशी स्टूल घेऊन आत उतरली, कारण जावेचा देह त्या तोंडातून जाणं शक्य नव्हतं. आत भट्टी होती. गाळ घोट्यापर्यंत, हिरवा-काळा, बुळबुळीत, त्यात पिसं आणि बारीक लालसर किडे. ती बादली भरून वर द्यायची, जाऊ ओतून परत द्यायची. घाम डोळ्यांत जात होता आणि डोळे पुसायला अंगाचा एकही स्वच्छ भाग उरला नव्हता.

बाराव्या-तेराव्या बादलीला वरून आवाज आला, “एक विचारू? त्या दिवशी माझं दूध खरंच नासलेलं होतं का?”

मावशीनं गाळ लोटायचा ब्रश थांबवला. “होतं. आदल्या दिवसाचं उरलेलं मिसळलं होतंस.”

वर बादली ओतल्याचा आवाज आला. मग जाऊ म्हणाली, “दोनच लिटर मिसळलं होतं.”

“दोनच असेल.”

“मला वाटलं, कळणार नाही.” आणि ती हसायला लागली, इतकी की शिडी हलली. मावशीलाही हसू आलं, पण तोंड उघडलं तर काय आत जाईल या भीतीनं तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

ब्लीचिंग पावडर टाकून घासून झालं तेव्हा ऊन कललं होतं. मावशी घरात आली. केसांत पिसं, कोपरापर्यंत गाळ. नवरा जागा होऊन उशाला टेकून बसला होता. ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या नाकाची शीरसुद्धा हलली नाही. तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा शंका आली.

तिनं डोळे मिटायला लावले आणि बाही त्याच्या नाकाशी धरली. “कसला वास येतोय?”

त्यानं जोरात श्वास घेतला. विचार केला. “साबणाचा?”

ती खुर्चीत बसली. “कधीपासून?”

त्यानं चादरीचा काठ चाचपला. “दोन वर्षं झाली. तो ताप आला होता बघ, त्यातच गेलं.”

“मग परवा म्हणालात, कांदा काय खमंग भाजलाय!”

“तो तव्यावर चुरचुरतो ना, त्यावरून कळतं. चहाचं रंगावरून. बाकी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवतो.”

“आणि झाकणावर पुठ्ठा कुणी ठेवला?”

“मीच. नवं झाकण आणायचं राहून गेलं.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“काय सांगू? सगळं गाव तुझ्या नाकाला भिऊन असायचं. त्या घरात मी बिननाकाचा.” तो हसायला गेला आणि जमलं नाही. “तू आता मला हुंगून ‘न्या’ म्हणशील, असं वाटायचं.”

मावशी उठून अंघोळीला गेली. जावेच्या पंपाच्या चार बादल्या पाण्यानं अंग घासलं, तरी तो वास नखांत राहिलाच. कबुतरांची किळस साबणानं थोडी तरी गेली. या लबाडीची जाईना. दोन वर्षं तिनं काय काय चुलीवर ठेवलं होतं, काय काय हौसेनं केलं होतं, आणि समोरचा माणूस तिच्या तोंडाकडे बघून माना डोलावत होता. रविवारी ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. गोळ्या मात्र वेळच्या वेळी समोर ठेवल्या.

जावेकडून कळलं म्हणून सोमवारी मुलगा आणि सून गाडी घेऊन आले. नवं झाकण आणलं होतं आणि बाटलीबंद पाण्याचा एक खोका. मागोमाग प्लंबरही पोराला घेऊन आला, पोरगा टाकीत डोकावला आणि कबुतरांचं ऐकून प्लंबर कान खाजवत म्हणाला, “मावशी, तुमचं नाक म्हणजे नाक आहे.” मुलगा सारखा सारखा म्हणत होता, “आई, मला फोन करायचास ना.” ती म्हणाली, “केला होता.” तो झाकण बसवायला गेला.

जेवताना तिनं सगळ्यांसमोर टाकीचं पाणी ठेवलं. सुनेनं पेला ओठांना लावला, गळा हलवला आणि पेला जसाच्या तसा भरलेला खाली ठेवला. मुलानं आपला पेला हळूच बाटलीतून भरून घेतला. मावशीला दोघांचंही दिसलं. तिला त्यांचाही वीट आला, बाटलीतल्या गरम प्लास्टिकच्या वासाचाही.

नवऱ्यानं पेला उचलला, पण प्यायला नाही. त्यानं तो टेबलावरून तिच्यापुढं सरकवला.

“बघ जरा,” तो म्हणाला. मुलगा आणि सून बघत होते, तरी म्हणाला. “मला वास येत नाही.”

मावशीनं पेला नाकाशी नेला. तिला घाई नव्हती.

“पावडरीचा वास आहे,” ती म्हणाली. “दोन दिवसांत जाईल. प्या.”